सात वर्षांची चूक : इसवी सन ५३६ च्या झाकोळलेल्या सूर्याचा शोध

१/ इसवी सन ५३६. बायझंटाइन सम्राट जस्टिनियनच्या राजवटीचे दहावे वर्ष. सेनापती बेलिसारियसचा सचिव आणि त्या युद्धांचा इतिहासकार प्रोकोपियस याने आपल्या ग्रंथात एक विलक्षण नोंद केली. सूर्य वर्षभर चंद्रासारखा निस्तेज प्रकाश देत होता. जणू त्याला ग्रहणच लागले होते, असा तिचा आशय आहे. ग्रहण काही मिनिटांत सुटते. हे मात्र वर्षभर सुटले नाही. या एका नोंदीचा उलगडा व्हायला जवळजवळ पंधराशे वर्षे लागली. हा धागा त्या उलगड्याचा, आणि त्यात साक्षीला उभ्या राहिलेल्या वृक्षांचा.

२/ प्रोकोपियस एकटा नव्हता. इटलीत कॅसिओडोरस हा राज्याचा बडा अधिकारी होता. त्याच्या पत्रात निळसर दिसणारा सूर्य, मध्यान्हीही न पडणाऱ्या सावल्या, उष्णता हरवलेला उन्हाळा आणि पिकांची चिंता यांचे वर्णन येते. बाराव्या शतकातील सिरियाक धर्मगुरू मायकेल याने जुन्या आधारांवरून लिहिलेल्या इतिहासात हा अंधार अठरा महिने टिकल्याचे म्हटले आहे. चिनी इतिहासग्रंथांत याच सुमारास उन्हाळ्यात पडलेल्या हिमाच्या आणि दुष्काळाच्या नोंदी आहेत. आयर्लंडच्या वृत्तांतांत अन्नधान्य बुडाल्याची नोंद आढळते. एकमेकांची भाषाही न जाणणारे हे लेखक एकाच घटनेकडे बोट दाखवत होते.

३/ तरीही इतिहासकारांनी या नोंदींना दीर्घकाळ फारसे महत्त्व दिले नाही. त्याला कारणही होते. प्राचीन लेखक आकाशातील चिन्हांचा राजकीय अर्थ लावण्यात पटाईत असत. सूर्य काळवंडणे म्हणजे राजावर संकट, असा संकेत रूढ होता. म्हणून हे अलंकारिक लेखन असेल, असे मानणे सोपे होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी रिचर्ड स्टोदर्स आणि मायकेल रॅम्पिनो या अमेरिकी संशोधकांनी जुन्या ग्रंथांतील ज्वालामुखींचे उल्लेख एकत्र केले, तेव्हा ५३६ चे ‘गूढ आवरण’ पुन्हा चर्चेत आले. आता हवा होता असा साक्षीदार, ज्याला राजाशी किंवा धर्माशी काही देणेघेणे नाही.

४/ तो साक्षीदार म्हणजे झाड. समशीतोष्ण प्रदेशातील झाड वसंतात वाढू लागते तेव्हा मोठ्या, पातळ भिंतींच्या पेशींचे फिकट लाकूड तयार होते. उन्हाळ्याच्या अखेरीस पेशी लहान व जाड भिंतींच्या होतात आणि लाकूड गडद दिसते. हिवाळ्यात वाढ थांबते. फिकट आणि गडद मिळून एक वलय, म्हणजे एक वर्ष. वलये वाचण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. हातबरम्याने पेन्सिलीहूनही बारीक अशी लाकडाची कांडी काढली की पुरते. झाडाला त्यामुळे मोठी इजा होत नाही.

५/ नुसती वलये मोजणे हे मात्र शास्त्र नव्हे. त्याला शास्त्राचे रूप दिले अँड्र्यू एलिकॉट डग्लस या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने. सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र हवामानावर परिणाम करते का, हा त्याचा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर तो ॲरिझोनातील पाइन वृक्षांत शोधत होता. सूर्याचे चक्र त्याला निर्विवादपणे सापडले नाही. सापडले ते वेगळेच. एकाच प्रदेशातील झाडांत रुंद आणि अरुंद वलयांचा क्रम सारखाच असतो. दुष्काळाचे वर्ष सर्वांच्याच अंगावर अरुंद रेघ उमटवते. हा क्रम म्हणजे त्या काळाची बोटांच्या ठशासारखी ओळख होय.

६/ जिवंत झाडाची आतली वलये एखाद्या जुन्या तुळईच्या बाहेरच्या वलयांशी जुळली, की कालगणना मागे सरकते. त्या तुळईच्या आतल्या वलयांशी आणखी जुनी तुळई जुळते. अशी साखळी वाढत जाते. डग्लसकडे अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील प्राचीन वस्त्यांमधील तुळयांची एक लांब साखळी होती. पण ती वर्तमानाशी जोडलेली नव्हती. १९२९ च्या जूनमध्ये ॲरिझोनातील शो लो या गावी जळून कोळसा झालेली एक तुळई मिळाली. तिचा क्रमांक एचएच-३९. तिच्या वलयांनी दोन्ही साखळ्या सांधल्या आणि प्वेब्लो लोकांच्या अनेक वास्तूंना एका रात्रीत निश्चित वर्षे मिळाली.

७/ प्रत्येक झाड मात्र एकच गोष्ट सांगत नाही. कोरड्या प्रदेशात पाणी कमी पडते, म्हणून तिथली वलये पावसाचा हिशेब ठेवतात. उंच पर्वतावर किंवा उत्तर ध्रुवाजवळच्या वनसीमेवर पाणी पुरेसे असते, कमी पडते ती ऊब. तिथली वलये उन्हाळ्याच्या तापमानाचा हिशेब ठेवतात. ज्वालामुखीमुळे आलेली थंडी शोधायची तर अशीच झाडे निवडावी लागतात. त्यातही वलयाच्या रुंदीपेक्षा उन्हाळ्याच्या अखेरच्या गडद लाकडाची घनता अधिक प्रामाणिक ठरते. रुंदीवर मागील वर्षांच्या साठ्याचा परिणाम रेंगाळतो. घनता त्या त्या वर्षाच्या उबेला तत्काळ प्रतिसाद देते.

८/ थंडीचा आणखी थेट पुरावा म्हणजे हिमदंशाचे वलय. वाढीच्या ऐन हंगामात तापमान गोठणबिंदूखाली गेले, तर अजून कठीण न झालेल्या कोवळ्या पेशी चिरडल्या जातात. ती जखम वलयात कायमची राहते. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये ब्रिसलकोन पाइन नावाचे वृक्ष आहेत. त्यांतील काहींचे वय साडेचार हजार वर्षांहून अधिक आहे. व्हॅलमोर लामार्श आणि कॅथरीन हर्शबॅक यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की या वृक्षांतील हिमदंशाची अनेक वलये मोठ्या ज्वालामुखी उद्रेकांच्या वर्षांशी किंवा त्यांच्या लगतच्या वर्षांशी जुळतात.

९/ ज्वालामुखी तर आग ओकतो. मग थंडी कशी? उत्तर राखेत नाही, गंधकात आहे. राख काही आठवड्यांत खाली बसते. पण उद्रेक पुरेसा प्रचंड असेल, तर सल्फर डायऑक्साइड वायू स्थितांबरापर्यंत पोहोचतो. तिथे पाऊस नाही, त्यामुळे तो धुऊन निघत नाही. त्यापासून सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि वर्ष-दोन वर्षे सूर्यप्रकाशाचा काही भाग परत अवकाशात पाठवतात. जून १९९१ मध्ये फिलिपीन्समधील पिनाटुबोच्या उद्रेकानंतर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. ते उपकरणांनी मोजले गेले. जुन्या उद्रेकांसाठी उपकरण एकच : झाड.

१०/ या उपकरणाची कसोटी घेता येते का? येते. १९ फेब्रुवारी १६०० रोजी पेरू देशातील वायनापुटिना ज्वालामुखीचा महाउद्रेक झाला. त्याची तारीख स्पॅनिश नोंदींमुळे पक्की आहे. कीथ ब्रिफा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उत्तर गोलार्धातील शेकडो ठिकाणच्या वृक्षांची घनता तपासली. त्यांच्या सहाशे वर्षांच्या आलेखात सर्वांत थंड उन्हाळा ठरला १६०१ चा. त्याच वर्षी रशियात उन्हाळ्यात पिके गोठली आणि बोरिस गोदुनोवच्या राजवटीत १६०३ पर्यंत चाललेला भीषण दुष्काळ सुरू झाला. पेरूतील धूर आणि मॉस्कोतील भूक यांच्यामधला दुवा लाकडात नोंदलेला होता.

११/ आता पुन्हा ५३६ कडे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात माइक बेली आणि सहकाऱ्यांनी आयर्लंडमधील ओक वृक्षांची सात हजार वर्षांहून लांब कालगणना उभी केली होती. तिच्यासाठी जिवंत झाडे, जुन्या इमारतींच्या तुळया आणि दलदलीत शतकानुशतके टिकलेले ओंडके वापरले गेले. या कालगणनेत ५३६ चे वलय कमालीचे अरुंद होते. त्यानंतर झाडे थोडी सावरली. आणि ५४० च्या सुमारास पुन्हा, आधीपेक्षाही वाईट रीतीने खचली. घाव एक नव्हता, दोन होते. दुसऱ्या घावाविषयी ग्रंथ जवळजवळ मौन होते. तो झाडांनीच प्रथम ठळकपणे दाखवला.

१२/ ओक वृक्ष आयर्लंडपुरते बोलत होते, असेही म्हणता आले नाही. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडातील पाइन, ब्रिसलकोन पाइन, स्कँडिनेव्हिया आणि सायबेरियातील वृक्ष या सर्वांत त्याच वर्षांची थंडी दिसत होती. ब्रिसलकोनमध्ये ५३६ आणि ५४१ या दोन्ही वर्षी हिमदंशाच्या खुणा होत्या. म्हणजे प्रोकोपियस अतिशयोक्ती करत नव्हता. प्रकाश खरोखरच उणावला होता आणि त्याचा फटका निम्म्या जगाला बसला होता. पण झाड केवळ थंडीची नोंद ठेवते. थंडी कोणी आणली, ते झाड सांगत नाही.

१३/ गुन्हेगाराचा माग होता दुसरीकडे, ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात. तिथे दरवर्षीचे हिम आदल्या वर्षीच्या हिमावर साचते आणि दबून थर बनतो. पोकळ बरम्याने काढलेल्या बर्फाच्या लांब दांड्याला हिमगाभा म्हणतात. उद्रेकातील सल्फेट या बर्फावर उतरते आणि त्या वर्षीचा थर आम्लधर्मी होतो. फक्त ग्रीनलंडमध्ये आम्ल सापडले, तर उद्रेक बहुधा उत्तरेकडचा. दोन्ही ध्रुवांवर सापडले, तर तो उष्ण कटिबंधातला. म्हणजे बर्फ गुन्ह्याचे हत्यार दाखवतो आणि झाड जखम दाखवते. दोघांची तारीख जुळली की खटला सिद्ध.

१४/ आणि इथेच सगळे अडले. तारीख जुळेना. हिमगाभ्यांचे मोजमाप जसजसे सुधारत गेले, तसे ५३६ च्या वर्षी आम्लाचा ठळक थर नसल्याचे दिसू लागले. आम्ल होते, पण ५२९ आणि ५३३-३४ च्या सुमारास. म्हणजे थंडीच्या कित्येक वर्षे आधी. सल्फेटचे कण इतका काळ हवेत राहूच शकत नाहीत. १९९४ मध्ये बेली यांनी उघडपणे प्रश्न विचारला : ज्वालामुखीच नसेल तर? धूमकेतूचा मलबा पृथ्वीच्या वातावरणात शिरून हा काळोख झाला असेल का? पुढे त्यांनी या कल्पनेवर ग्रंथही लिहिला. ती कल्पना अनेक वैज्ञानिकांना पटली नाही. पण दुसरे समाधानकारक उत्तरही हाती नव्हते.

१५/ २००८ मध्ये या वादाने वळण घेतले. एका संशोधक गटाने असे मांडले की ५३३-३४ चा आम्लथर हाच मोजणीतील लहान चुकीची सूट दिल्यास ५३६ चा उद्रेक होय. त्याच वर्षी बेली यांनी अधिक धाडसी मत मांडले. बर्फात दोन आम्लथर आहेत, झाडांत दोन जखमा आहेत. आणि दोन्हींमधील अंतर जवळजवळ सारखे आहे. मग चुकलेली आहे ती सातव्या शतकापूर्वीची सगळी युरोपीय हिमगणनाच, आणि तीही सुमारे सात वर्षांनी. ५२९ म्हणजे ५३६, आणि ५३३-३४ म्हणजे ५४०. हिमगाभ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना हे रुचणे कठीण होते.

१६/ त्यांच्या आत्मविश्वासाला आधार होता. ग्रीनलंडची कालगणना एका प्रसिद्ध तारखेला बांधलेली होती : इसवी सन ७९, व्हेसुव्हियसचा उद्रेक, पॉम्पेईचा अंत. गाभ्यातील एका थराला व्हेसुव्हियसचा थर मानून मोजणी त्याच्याशी जुळवली गेली होती. पण ती ओळखच चुकीची निघाली. पुढील संशोधनात त्या थरातील राखेचे सूक्ष्म कण व्हेसुव्हियसचे नसून अलास्कातील ज्वालामुखीचे असल्याचे दिसून आले. इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उद्रेकाच्या मोहाने शास्त्रज्ञांनाही चकवले होते. एका खुंटीला सगळे टांगले, आणि खुंटीच भलतीकडे ठोकलेली निघाली.

१७/ वाद मिटवायला बर्फ आणि लाकूड या दोन्हींवर एकाच क्षणी उमटलेली खूण हवी होती. ती आली जपानहून. २०१२ मध्ये नागोया विद्यापीठाच्या फुसा मियाके आणि सहकाऱ्यांनी जपानी देवदाराच्या वलयांतील कार्बन-१४ वर्षागणिक मोजला. ७७४ ते ७७५ या एका वर्षात तो एकाएकी सुमारे १२ सहस्रांशांनी वाढलेला आढळला. अशी उडी नेहमीच्या प्रक्रियेत बसत नाही. अवकाशातून आलेल्या अतिवेगवान कणांचा प्रचंड लोंढा वातावरणावर आदळला होता. सूर्यावरील असामान्य स्फोट हे त्याचे आज सर्वाधिक मान्य असलेले कारण आहे.

१८/ या कणांमुळे वातावरणात कार्बन-१४ तयार होतो आणि श्वसलेल्या हवेवाटे झाडाच्या पानांतून लाकडात पोहोचतो. त्याच कणांमुळे बेरिलियम-१० ही तयार होते आणि ते हिमाबरोबर ध्रुवांवर पडते. म्हणजे ७७५ च्या सुमाराचा एकच शिक्का लाकडावरही आहे आणि बर्फावरही. मायकेल सिगल आणि सहकाऱ्यांनी हिमगाभ्यात बेरिलियमची ती उडी शोधली. लाकडातील वर्षाशी ती ताडून पाहिली. बर्फाची गणना झाडांच्या गणनेपेक्षा मागे पडलेली होती. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात ही चूक सात वर्षांपर्यंत जात होती. त्यांचा शोधनिबंध २०१५ मध्ये ‘नेचर’ मध्ये आला.

१९/ सात वर्षे सरकवताच चित्र लख्ख झाले. ५३५ च्या अखेरीस किंवा ५३६ च्या आरंभी उत्तर गोलार्धाच्या वरच्या अक्षांशांत एक प्रचंड उद्रेक झाला. त्यानंतर ५३९-५४० मध्ये उष्ण कटिबंधात आणखी एक. ५३६ मध्ये युरोपातील उन्हाळ्याचे तापमान आधीच्या तीस वर्षांच्या तुलनेत १.६ ते २.५ अंशांनी घसरले. ५४१ मध्ये १.४ ते २.७ अंशांनी. ही घसरण एकट्या युरोपची नव्हती. इसवी सनपूर्व ५०० ते इसवी सन १००० या काळातील सर्वांत थंड १६ उन्हाळ्यांपैकी १५ उन्हाळे मोठ्या उद्रेकांच्या पाठोपाठ आलेले आढळले.

२०/ बेली यांचा निकाल काय? धूमकेतूबाबत ते चुकले. गणनेबाबत त्यांचे म्हणणे खरे ठरले. या प्रकरणातील सर्वांत मोलाचा धडा कदाचित इथे आहे. आपल्या पुराव्यावर त्यांचा विश्वास होता, कारण प्रत्येक वलय शेकडो झाडांशी ताडून पाहिलेले होते. त्या विश्वासापायी त्यांनी आधी एक चुकीचे स्पष्टीकरण जवळ केले, पण वलयाचे वर्ष कधी सोडले नाही. पुरावा आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निष्कर्ष कोसळला तरी पुरावा उभा राहू शकतो.

२१/ झाडांनाही उलटतपासणी चुकली नाही. १२५७ मध्ये इंडोनेशियातील लोंबोक बेटावर सामालास ज्वालामुखीचा महाउद्रेक झाला. पण वलयांत त्याची थंडी अपेक्षेपेक्षा सौम्य दिसते. २०१२ मध्ये मायकेल मान आणि सहकाऱ्यांनी शंका काढली : अतिथंड वर्षी वनसीमेवरील झाडांनी वलयच धरले नसेल आणि सगळी गणना एका वर्षाने चुकली असेल तर? वृक्षवलयतज्ज्ञांनी ही शंका फेटाळली. निर्णायक उत्तर २०१८ मध्ये मिळाले. पाच खंडांतील ४४ ठिकाणच्या झाडांत ७७४ आणि ९९३ ची कार्बन-१४ ची उडी नेमक्या त्याच वलयांत सापडली. एकाही साखळीतले वर्ष गहाळ नव्हते.

२२/ पुढचे पान अधिक काळजीने वाचावे लागते. ५४७ मध्ये तिसरा उद्रेक झाला. सायबेरियातील अल्ताई पर्वत आणि युरोपातील आल्प्स यांच्या वलयांवरून उल्फ ब्युंटगेन आणि सहकाऱ्यांनी ५३६ ते सुमारे ६६० या थंड काळाला ‘उत्तर-प्राचीन लघुहिमयुग’ असे नाव दिले. याच काळात, ५४१ मध्ये, इजिप्तच्या पेलुसियम बंदरात प्लेग प्रकटला आणि पुढील वर्षी तो कॉन्स्टँटिनोपलला पोहोचला. थंडीने पिके बुडाली, उपासमारीने शरीरे खंगली, हे खरे असू शकते. पण प्लेगचा जंतू ज्वालामुखीतून आला नव्हता. साम्राज्ये केवळ हवामानाने उगवत नाहीत की मावळत नाहीत.

२३/ गुन्हेगाराचे नाव ठेवण्याची घाई किती महाग पडते, याचेही उदाहरण याच कथेत आहे. ५३६ साठी प्रथम न्यू गिनीजवळील राबौलवर संशय घेतला गेला; पुढे त्याचा उद्रेक सातव्या शतकातला निघाला. ५४० साठी एल साल्वाडोरमधील इलोपांगो हा प्रबळ उमेदवार होता. त्याच्या राखेत सापडलेल्या जळक्या लाकडाची बारकाईने कार्बन-तपासणी आणि हिमगाभ्यातील राख यांवरून २०२० मध्ये त्याचे वर्ष ४३१ च्या आसपास ठरले. ५३६ बाबत आइसलँडकडे बोट दाखवले जाते, पण त्यावर एकमत नाही. वर्ष पक्के आहे. पत्ता अजून पक्का व्हायचा आहे.

२४/ सुधारलेल्या गणनेचे फळ ५३६ पुरते थांबले नाही. इसवी सनपूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरची हत्या झाली. त्यानंतरच्या दोन वर्षांत भूमध्य प्रदेशात विचित्र थंडी, नापिकी आणि इजिप्तमध्ये नाईलच्या पुराची हुलकावणी यांचे उल्लेख आहेत. २०२० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फातील राखेचे कण अलास्कातील ओकमोक ज्वालामुखीच्या राखेशी जुळले. वर्ष निघाले इसवी सनपूर्व ४३ चा आरंभ. वृक्षवलयांतही ती वर्षे अतिथंड आहेत. रोमच्या गणराज्याचा अंत सत्तास्पर्धेने झाला हे खरेच. पण ती स्पर्धा कोणत्या उपाशी वर्षांत लढली गेली, ते आता कळते.

२५/ भारतात हे काम अवघड आहे. उष्ण कटिबंधात कडक हिवाळा नसल्याने बहुतेक झाडांत स्पष्ट वार्षिक वलये उमटत नाहीत. सागवान हा सुदैवी अपवाद : कोरड्या ऋतूत तो पाने गाळतो, वाढ थांबते आणि वलय स्पष्ट होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी सागाच्या वलयांवरून मान्सूनच्या आणि हिमालयातील सूचीपर्णी वृक्षांवरून तिथल्या हवामानाच्या इतिहासाचा अभ्यास केला आहे. साग थंडीपेक्षा पावसाविषयी अधिक बोलतो. मोठ्या उद्रेकानंतर जमीन थंडावून मान्सून दुबळा होतो का, या प्रश्नात त्याची साक्ष म्हणूनच मोलाची.

२६/ ॲरिझोनाच्या कालगणनेतील खिंड एका जळक्या तुळईने बुजवली होती. आपल्याकडील जुने वाडे, मंदिरे आणि गढ्यांतही सागवानी तुळया आहेत, आणि त्यांतही वलये आहेत. वाडा पाडला की तुळई वखारीत जाते, रंधा फिरतो, आणि तिच्यातला पावसाचा हिशेब भुश्शात मिसळतो. मोडी कागद जपावा हे आपल्याला उमगले आहे. लाकूडही दप्तर असू शकते हे अजून उमगायचे आहे.

२७/ शेवटी एक योगायोग. डग्लस वलयांत सूर्याचा ठसा शोधायला निघाला होता. तो ठसा त्याला हवा तसा मिळाला नाही. मिळाली ती कालगणना. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी त्याच पद्धतीने मोजलेल्या वलयांत सूर्याचा ठसा खरोखर सापडला, आणि त्यानेच बर्फाची सात वर्षांची चूक उघडी पाडली. वर्षभर झाकोळलेल्या एका सूर्याची तारीख अखेर दुसऱ्या एका वर्षी भडकलेल्या त्याच सूर्याने पक्की केली. आणि निस्तेज सूर्य पाहून लेखणी उचलणाऱ्या प्रोकोपियसची साक्ष खरी ठरली.

(धागा समाप्त)